टाकीतली बैठकव्यवस्था

भाऊंची टाकी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली, तेव्हाच कोणीतरी "पुरे" म्हणायला हवं होतं. पण टाकीच्या वरच्या बाजूला भाऊ, खालच्या बाजूला दोन हमाल आणि मध्ये काच, अशी परिस्थिती असल्यामुळे कोणाचं कोणाला ऐकूच जात नव्हतं. भाऊ जिवाच्या आकांताने "डावीकडे! अहो, डावीकडे!" असं ओरडत होते आणि हमालांना काचेपलीकडे भाऊंचं तोंड नुसतं उघडताना आणि मिटताना दिसत होतं. त्या टाकीत जगाला दिसलेला पहिला मासा म्हणजे स्वतः भाऊच.

"अरे बाळ, आधी जिना मोजायचास, मग टाकी घ्यायचीस," वरून दारात उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या. भाऊंना निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण थोरल्या बहिणीच्या लेखी ते अजून बाळच होते.

"जिना मोजलाय त्यांनी. वळण मोजायचं राहिलं," अक्कांच्या मागून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणत असे.

"मी काही वेगळं म्हणाले का?"

"नाही वन्सं, मी आपलं सांगितलं."

"सांगायचं कशाला? मला दिसतंय की."

झालं. टाकी जिन्यात अडकलेली तशीच राहिली आणि दारात दोघींची सुरू झाली. भाऊंनी काचेवर कपाळ टेकलं. जे थांबवायला टाकी आणायची, ते भांडण टाकी आत यायच्या आधीच तिच्या स्वागताला हजर होतं.

कारण ही टाकी हौसेची नव्हती, औषधाची होती. अक्कांचे यजमान गेले, त्यांचं घर सोडावं लागलं आणि त्या भावाकडे आल्या. येताना एक भलीमोठी निळी, झाकणाची प्लास्टिकची पेटी आणली. आणली ती बोळात ठेवली आणि तिचं झाकण कधी पुरतं उघडलंच नाही. साडी लागली की झाकण कोपऱ्यातून उचलायचं, हात घालून साडी ओढायची, झाकण पुन्हा खट्कन बंद. वहिनींनी घासलेलं भांडं अक्का पुन्हा घाशीत. अक्कांनी लावलेली खिडकी वहिनी उघडीत. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करावा की बारीक करावा, ह्यावर दोन समंजस बायका किती दिवस बोलू शकतात, हे भाऊंना ह्या वयात कळलं. आणि प्रत्येक बोलण्याचा शेवट ठरलेला. अक्का बोळाकडे बघून म्हणत, "माझं सामान बांधलेलंच आहे." ते नुसतं म्हणणं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका ओळखीच्या बाईंकडे त्यांनी एक खोलीही सांगून ठेवली होती.

भाऊंना ते सोसणारं नव्हतं. लहानपणी त्यांनी ओढ्यात एक बोटभर मासा पकडला होता. तो ठेवलेली काचेची बाटली रस्त्यात फुटली आणि ते भोकाड पसरून बसले, तेव्हा अक्कांनी आपल्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीतून तो मासा घरापर्यंत आणला होता आणि भर उन्हात स्वतः तहानलेल्या चालत आल्या होत्या. त्या बहिणीने म्हातारपणी परक्या घरात एका खोलीत राहायचं? पण हे बोलून दाखवण्याची रीत त्या घरात नव्हती. त्यामुळे भाऊ फक्त वर्तमानपत्र उंच धरून बसत.

असे ते एकदा दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे बाकावर दोन बायका नंबरावरून कडाकडा भांडत होत्या. "मी आधी आले", "तुम्ही आधी आलात पण मी आधी बसले", असं काहीतरी. भाऊंना घरचीच आठवण झाली. तेवढ्यात आपण चष्मा घरी विसरलो हे लक्षात येऊन ते परत गेले. चष्मा घेऊन आले आणि बघतात तो काय! त्याच दोघी, खांद्याला खांदा लावून, दवाखान्यातल्या माशांच्या टाकीसमोर बसलेल्या. दोघी गप्प. अगदी गप्प. डोळे माशांवर. भाऊंच्या अंगावर काटा आला. दाढ तशीच ठेवून ते मागे फिरले आणि तडक माशांच्या दुकानात गेले.

ते दुकान बुडबुड्यांचं. हे त्यांचं आडनाव नव्हे. दुकानात चोवीस तास बुडबुडे येत, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. बुडबुडे हा मोठा गोड माणूस. त्यांना जगातला कुठलाही मासा वाईट माहीतच नव्हता.

"घरात ठेवायला कुठले बरे?" भाऊंनी विचारलं.

"सगळे बरे, साहेब."

"एकमेकांशी पटेल ना त्यांचं?"

"न पटायला काय झालं? एकदम घरगुती मासे आहेत."

घरगुती म्हणजे कसे हे भाऊंना घरी रोज दिसत होतं. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं, पण दाढ ठणकत असली की माणसाची विचारशक्ती त्या बाजूने थोडी कमी पडते. त्यांनी भिंतभर लांबीची टाकी सांगितली. जितकी मोठी टाकी तितकी मोठी शांतता, असा त्यांचा हिशेब.

तर ती टाकी शेवटी वळणातून निघाली. कशी निघाली ते विचारू नये. जिन्याचा कठडा अजून थोडा वाकडा आहे. पण ती दिवाणखान्यात टेकते न टेकते तोच दारात वकीलसाहेब उभे.

वकीलसाहेब भाऊंच्या बरोबर खाली राहत आणि इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. "भाऊ," ते म्हणाले, "पाण्याला वजन असतं."

"असतं."

"ते माझ्या पलंगाच्या वर असणार आहे."

"पलंग सरकवा."

"पलंग सरकवणार नाही. मी रहिवासी म्हणून सेक्रेटरीकडे तक्रार करणार आहे."

"सेक्रेटरी तुम्हीच ना?"

"तो प्रश्न वेगळा." आणि खरोखरच त्यांनी रहिवासी ह्या नात्याने स्वतःकडे कडक शब्दांत तक्रार केली. मग सेक्रेटरी ह्या नात्याने तिच्यावर विचार केला आणि 'तक्रारदाराचा सूर उद्धट आहे' असा शेरा मारून ती फेटाळली. ह्याचा तक्रारदाराला इतका राग आला की त्याने कमिटीची तातडीची बैठक मागितली. सेक्रेटरीने नियमाप्रमाणे वेळ लागेल असं कळवलं. ह्या काळात वकीलसाहेब जिन्यात भेटले तर ते आत्ता रहिवासी आहेत की सेक्रेटरी, हे विचारल्याशिवाय भाऊंना नमस्कारही करता येईना. शेवटी तोडगा निघाला. टाकी भिंतीला चिकटवून, खाली जाड फळ्या टाकून ठेवायची, आणि सेक्रेटरीने रोज संध्याकाळी वर येऊन पाहणी करायची. पाहणीला चहा लागतो, हे पहिल्याच दिवशी ठरलं. वकीलसाहेब मग रोज येऊन जमिनीला कान लावत, "अजून आवाज नाही" असं गंभीरपणे सांगत आणि कप पुढे करत.

टाकी भरली, पण मासे नव्हते. नव्या टाकीतलं पाणी मुरावं लागतं, त्याशिवाय मासे टिकत नाहीत, असं बुडबुड्यांनी बजावलं होतं. काही आठवडे घरात सगळे जण रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. हवेचे बुडबुडे, वाळू आणि एक प्लास्टिकचं झाड.

"छान आहे," अक्का म्हणाल्या. "ह्यात काही भांडत तरी नाही."

हा काळ भाऊंनी वाया घालवला नाही. ते रोज सकाळी दुकानात जाऊन स्टुलावर बसत आणि माशांच्या मुलाखती घेत.

इथे भाऊंची नोकरी सांगायला हवी. मोठ्या कचेरीत आस्थापना शाखेत त्यांचा जन्म गेला आणि कोणी कोणाशेजारी बसायचं हे ठरवणं हे त्यांचं खास काम. एका खोलीत तीस टेबलं आणि तीस स्वभाव. पण भाऊंच्या कारकिर्दीत कधी दौत फेकली गेली नाही. त्यांचं सूत्र साधं होतं. दोन भांडकुदळांच्या मध्ये एक बहिरा बसवावा. टपाल बघणारे एक गृहस्थ ठार बहिरे होते. त्यांना भाऊंनी आयुष्यभर कचेरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जिथे धूर दिसेल तिथे त्यांचं टेबल. भाऊंच्या निरोपसमारंभात त्या गृहस्थांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की माझं टेबल ह्यांनी इतक्यांदा का हलवलं ते मला कधी कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

घरात मात्र बहिरा नव्हता. तिथे भाऊंची विद्या चालली नाही. म्हणूनच टाकीत ती चालवून दाखवायची, असं कुठेतरी त्यांच्या मनात होतं.

त्यांनी टायगर बार्ब बघितले. अंगावर वाघासारखे पट्टे, चपळ, घोळक्याने फिरणारे. नव्याने लागलेल्या तरुण कारकुनांसारखे. घेतले. एंजल बघितले. उंच, सावकाश चालणारे, लांब झिरझिरीत पंख मागे सोडलेले, खानदानी. एक जोडी घेतली. निळ्या-तांबड्या रेघेचे चिमुकले निऑन बघितले, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. मूठभर घेतले. काचेला तोंड लावून दिवसभर एकाच जागी चिकटून बसणारा काळा सकर मासा दिसला, तेव्हा तर भाऊंना टपालवाल्यांची आठवण होऊन भरून आलं. "हा मध्ये बसेल," ते म्हणाले. आणि शेवटी एक जोडपं. करड्या अंगावर काळे पट्टे, दिसायला साधंसुधं. दुकानातल्या त्या खचाखच भरलेल्या टाकीत, शंभर माशांच्या गर्दीत, हे दोघं एका कोपऱ्यात शेजारी शेजारी उभे. कोणाला धक्का नाही, कोणावर धावणं नाही.

"ह्यांचं कसं?" भाऊंनी विचारलं.

"एकदम घरगुती," बुडबुडे म्हणाले.

"आदर्श दांपत्य," भाऊ म्हणाले.

तीस वर्षं माणसं बसवलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं, की कचेरीच्या बाहेर बोळात उभं असताना कोणीच भांडत नाही. जागा कोणाचीच नसते ना. भांडण सुरू होतं टेबल मिळाल्यावर.

मासे आले तो दिवस मोठा आनंदाचा. समोरच्या नर्सबाईंनी थर्मामीटर आणून पाण्याचा ताप बघितला आणि "नॉर्मल" म्हणून सांगितलं. वकीलसाहेबांनी पाहणी दुप्पट वेळ केली. अक्का आणि वहिनी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या, दोघींचे डोळे माशांवर, दोघी गप्प! भाऊंनी दाढेवर हात ठेवून समाधानाने डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा अक्का म्हणत होत्या, "ते पोरगं बघ कसं तिच्या पदराला लोंबकळतंय."

एक टायगर एंजलचा लांब पंख तोंडात धरून ओढत होता. दुसऱ्याने दुसरा धरला. खानदानी एंजल हळूहळू वळली, तोवर तिसरा आला.

"खेळतायत," भाऊ म्हणाले.

"खेळतायत कसले, छळतायत," वहिनी म्हणाल्या. "किती सोशिक आहे बिचारी."

"सोशिक नाही, नखरेल," अक्का म्हणाल्या. "एवढा लांब पदर सोडून गर्दीतून फिरायचंच कशाला? मुलं ओढणारच."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. वहिनी एंजलच्या बाजूच्या, अक्का टायगरांच्या. आधी जे सरळ एकमेकींना बोलायच्या ते आता माशांमार्फत बोलू लागल्या. "काही जणांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही," असं वहिनी टायगरांकडे बघून म्हणत. "काहींचं नाक सदा वर," असं अक्का एंजलकडे बघून म्हणत. भाऊंनी कचेरीच्या शिस्तीने बैठकव्यवस्था बदलून बघितली. प्लास्टिकचं झाड डावीकडून उजवीकडे नेलं, जाळीने सकरला काचेवरून सोडवून टायगर आणि एंजल ह्यांच्या मध्ये आणून ठेवलं. सकर दोन क्षण थांबला आणि परत आपल्या जागी जाऊन चिकटला. टपालवाल्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मग निऑन कमी व्हायला लागले. रोज सकाळी हजेरी घ्यावी तर एखादा गैरहजर. भाऊंनी चौकशी सुरू केली. फिल्टर उघडून बघितला, टाकीच्या मागे बघितलं, वकीलसाहेबांना "खाली काही पडलं का?" म्हणूनही विचारलं.

"अरे बाळ," अक्का शांतपणे म्हणाल्या, "त्या सोशिक बाईचं पोट बघ."

सगळ्यांनी एंजलचं पोट बघितलं. भरलेलं होतं. त्या दिवशी अक्कांनी लावलेली खिडकी वहिनींनी जरा जोरात उघडली.

ह्यावर आणखी एक झालं. एंजलला टायगर खाऊ देत नाहीत, अशी वहिनींची खात्री. म्हणून त्या कोणी बघत नसताना तिला चिमूटभर खाणं टाकत. वहिनी एकट्या एंजललाच घालतात, अशी अक्कांची खात्री. म्हणून त्या कोणी बघत नसताना टायगरांसाठी टाकत. भाऊ नियमाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ टाकतच होते. पाहणीला आलेले वकीलसाहेबही चहाबरोबर मिळालेल्या बिस्किटाचा कोपरा हळूच सोडत, हे पुढे उघडकीला आलं. पाणी गढूळ झालं, मग पांढरं झालं, आणि एका सकाळी टाकीत दूध भरल्यासारखं दिसायला लागलं. मासे आहेत की नाहीत हेच कळेना.

"तुम्ही घालत होता?" वहिनी म्हणाल्या.

"तू घालत होतीस म्हणून मी घालत होते."

"माझ्या घरात मला चोरून..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. पण 'माझ्या घरात' हे शब्द बाहेर पडून गेले होते.

अक्का उठल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी टॅक्सी सांगते. सामान बांधलेलंच आहे."

भाऊ त्यानंतर दोन दिवस पाणी बदलत राहिले. बादली भरायची, बादली ओतायची. एवढं पाणी उपसताना माणसाला कोणी "डोळे का ओले?" म्हणून विचारत नाही, एवढाच त्यातला फायदा. रात्री ताटावर तिघं बसत आणि फक्त भांड्यांचा आवाज येई. वहिनी अक्कांच्या ताटात न विचारता जास्त भात वाढत आणि अक्का न बोलता तो संपवत. ह्याला समेट म्हणत नाहीत, हे भाऊंना कळत होतं.

रविवार उजाडला. पाणी आता स्वच्छ झालं होतं, आरशासारखं. अक्का आंघोळ करून, चपला घालून, हातात पिशवी घेऊन तयार. निळी पेटी दोरीने आवळून दारापाशी. टॅक्सी यायची होती. निरोपाचं काय बोलावं हे न सुचून भाऊ टाकीसमोर जाऊन उभे राहिले, आणि ओरडले.

टाकीतले सगळे मासे वरच्या एका कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीखाली, एकमेकांवर रेलून उभे होते. टायगर, एंजल, उरलेले निऑन, सगळे. ज्यांनी पंख ओढले ते, ज्यांचे ओढले ते, ज्यांनी खाल्लं ते आणि खायचे राहिलेले, सगळे एकाच कोपऱ्यात मुकाट. इतकी एकी त्यांच्यात कधीच नव्हती. उरलेली अख्खी भिंतभर टाकी मोकळी. आणि मधोमध एका सपाट दगडावर मोहरीएवढ्या अंड्यांचा थर आणि त्याच्याभोवती ते आदर्श दांपत्य. कोणी कोपऱ्यातून शेपूट जरी बाहेर काढलं तरी नवरा बाणासारखा जाऊन त्याच्यावर तुटून पडे, आणि तो परत यायच्या आत बायको दुसऱ्यावर. एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. ती एका कुशीवर कलंडून धापा टाकत होती. सकर तर काचेवर पाण्याच्या बाहेर अर्धा चढला होता.

"मेली, मेली ती!" वहिनी धावत आल्या. "अहो, काढा त्यांना!"

भाऊंनी बाह्या न सरसावताच दोन्ही हात टाकीत घातले. नवरा मासा त्यांच्या अंगठ्याला चावला. भाऊंना आजवर अनेक वरिष्ठ अपमानास्पद बोलले होते, पण चावलं कोणी नव्हतं. "बुडबुड्यांना बोलवा!" ते ओरडले.

"रविवार आहे, दुकान बंद!"

मग जी धावपळ झाली! वहिनींनी चहाच्या गाळण्याने टायगर पकडायला सुरुवात केली. पहिली बादली भरली. पातेलं भरलं. निऑन लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेले. सकरला काचेवरून सोडवून कपडे भिजवायच्या टबात टाकलं, तो तिथल्या तळाला चिकटला. आवाज ऐकून वकीलसाहेब धावत वर आले. "फुटली का?" म्हणत ते आधी जमिनीला कान लावायला वाकले आणि त्यांच्या पाठीवर भाऊंनी टाकीतलं अर्धं पाणी सांडलं. "मी रहिवासी म्हणून..." त्यांनी सुरुवात केली, पण त्यांच्या हातात वहिनींनी टायगरांचं पातेलं दिलं आणि "हलू नका" म्हणाल्या.

राहिल्या एंजल. त्या उंच. पातेल्यात आडव्या होतील, बरणीत वळता यायचं नाही. बादली भरलेली, टब भरलेला. भाऊ जाळीत एंजल धरून उभे, जाळी पाण्यात बुडवलेली, आणि दुसरीकडून दांपत्य धडका देतंय.

"मोठं काहीतरी हवं. खोल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि ती दारापाशी येऊन थांबली. मग त्यांनी ती पटकन दुसरीकडे वळवली.

अक्कांनी ते पाहिलं. त्या चपला घालून, पिशवी घेऊन, तशाच उभ्या होत्या. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. अक्कांनी पिशवी खाली ठेवली, जमिनीवर बसकण मारली आणि निळ्या पेटीची दोरी ओढली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. झाकण उडवलं.

"धर," त्या म्हणाल्या आणि साड्यांचा गठ्ठा वहिनींच्या हातांवर टाकला. त्यावर शाल. त्यावर यजमानांचा फोटो, रुमालात गुंडाळलेला. "बघतेस काय? ठेव कुठेतरी. कोरड्यात ठेव."

वहिनी गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. दुसरा गठ्ठा घेऊन मागोमाग आलेल्या अक्का दारातच थांबल्या. कपाटाचे मधले दोन कप्पे रिकामे होते. स्वच्छ पुसलेले, तळाला कागद अंथरलेला, कोपऱ्यात कापराची वडी. वडी झिजून नखाएवढी झाली होती.

"हे कधीपासून रिकामं आहे?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही यायच्या आदल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पेटीच उघडली नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मी कशी सांगू, माझ्या घ..." आणि जीभ चावून गप्प झाल्या.

"म्हण की," अक्का म्हणाल्या. "तुझ्या घरात. माझं नाही तर नाही, कप्पा तर माझा आहे ना? सरक, साड्या अशा आडव्या ठेवत नाहीत."

"अशाच ठेवतात."

"एंजल मरतेय!" बाहेरून भाऊंचा टाहो आला आणि दोघी धावल्या.

निळी पेटी एंजलना अगदी मापाची झाली. टाकीतलंच पाणी, एक नळी, बुडबुडे. कलंडलेली एंजल थोड्या वेळाने सरळ झाली आणि पेटीत सावकाश फिरू लागली. हॉर्न वाजतच होता. कोणीच खिडकीत जाईना, तेव्हा पाठीवरून पाणी निथळत असलेले वकीलसाहेब पातेलं घेऊनच खाली गेले आणि सेक्रेटरी ह्या नात्याने त्यांनी टॅक्सी परत पाठवली. येताना पातेल्यातला एकही टायगर कमी झाला नव्हता, हे त्यांनी पुढे अनेक वर्षं सांगितलं.

सोमवारी बुडबुडे आले. घरभर ठेवलेल्या बादल्या, बरण्या, टब ह्यांच्यामधून वाट काढत टाकीपाशी गेले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पिल्लं होणार, साहेब! म्हटलं नव्हतं, एकदम घरगुती?"

टायगर आणि निऑन त्यांनी परत नेले. निघताना अक्कांनी त्यांतल्या एका टायगरला बरणीत ठेवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो एकटा राहत नाही असं कळल्यावर सोडून दिला. सकरला कपडे भिजवायच्या टबातून कोणी हलवू शकलं नाही. शेवटी नवा टब आणावा लागला. भिंतभर लांबीची ती मोठी टाकी मात्र पूर्णपणे त्या दांपत्याची झाली. पुढे तिथे पिल्लांचा ढग तरंगू लागला आणि आईबाप भाऊंना काचेजवळसुद्धा येऊ देईनात. ज्यांची शांतता बघायला टाकी आणली, त्यांच्यासमोर भाऊ आपल्याच दिवाणखान्यात दबकून चालू लागले. "तुम्ही लांबूनच जा," वहिनी म्हणत. "मुलंबाळं आहेत त्यांची," अक्का म्हणत. ह्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं.

एंजलची पेटी अक्कांच्या पलंगापाशी राहिली. तिथे संध्याकाळी वहिनी जाऊन बसत. खाणं किती घालायचं ह्यावरून रोज बोलाचाली होई, पण डबी एकच ठेवली होती आणि ती दोघींनी मिळूनच उघडायची, असं ठरलं होतं. दूध अजून उतू जात होतं. खिडकी उघडत होती आणि लागत होती. फक्त "सामान बांधलेलंच आहे" हे वाक्य घरातून गेलं. म्हणणार तरी कसं? बांधायचं कशात?

एवढं सगळं झाल्यावर भाऊंना आपल्या दाढेची आठवण झाली. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी आधी टाकीकडे बोट दाखवलं आणि मोठ्या आदराने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या ह्या माशांनी त्या दिवशी दोन भांडणाऱ्या बायकांना गप्प केलं. काय बघून निवडलेत तुम्ही?"

"कुठल्या बायका?" डॉक्टर आठवू लागले. "हां, त्या नंबरावरून भांडत होत्या त्या? अहो, त्या गप्प बसणारच. लागोपाठ दोघींच्या दाढा काढल्या होत्या. तोंडात कापूस होता."

भाऊ काही बोलणार होते, पण डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं.

तासाभराने भाऊ घरी आले. तोंडात कापूस, डोक्यावर ऊन, मान खाली. दारातच वहिनी आणि अक्का.

"अहो, दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करायचा की बारीक करायचा, सांगा बरं एकदा."

"अरे बाळ, सांग हिला. आईने बारीकच करायला शिकवलं होतं ना?"

भाऊंनी तोंडाकडे बोट दाखवलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग वहिनींनी त्यांना हाताला धरून आणलं, अक्कांनी दोन खुर्च्यांच्या मध्ये तिसरी ओढली, भाऊंना तिच्यावर बसवलं, आणि त्यांच्या डोक्यावरून दोघींचं बोलणं पुन्हा जोमाने सुरू झालं.